सॅनिटायझरने कार्बनचा पट्टा परत उगवत नाही

‘कंट्रोलरचा ड्रिफ्ट कायमचा बंद! कंपन्या लपवतात ते ५ घरगुती उपाय’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. ड्रिफ्ट म्हणजे व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरची स्टिक न हलवताही खेळातलं पात्र आपोआप चालणं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: स्टिकच्या बुडाशी सॅनिटायझर किंवा नेलपेंट रिमूव्हर सोडा. नाही जमलं तर कंट्रोलर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. मागच्या भोकात पिन घालून रीसेट केलं की सगळे दोष जातात. डेडझोन (स्टिकच्या मध्याभोवतीचा, जिथली हालचाल गेम मोजत नाही तो भाग) वाढवला की स्टिक नव्यासारखी होते. आणि मोबाइलच्या चार्जरला कंट्रोलर लावू नका, ड्रिफ्ट त्यानेच होतो.

आमच्या ताईने यातला पहिला उपाय भाच्याच्या ड्युअलशॉक ४ वर, म्हणजे प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरवर, मनोभावे केला. त्यानंतर भाच्याचा फोन: “मामा, पात्र अजून आपोआप चालतंच आहे, आणि आता स्टिक दाबली की दबलेलीच राहते.” म्हणून हे लिहितोय.

आधी ड्रिफ्ट म्हणजे काय ते बघू, कारण मेसेज लिहिणाऱ्याने ते बघितलेलं नाही. स्टिकखालच्या मॉड्यूलला (स्टिकचा अख्खा जोडभाग) दोन बाजूंना दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर यायची ना, त्या बटणाखाली हाच प्रकार होता: कार्बनचा पातळ पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची छोटी पाती. स्टिक मधोमध असताना पाती जिथे टेकते आणि जिथे जास्तीत जास्त वेळ मागेपुढे होते, तिथला कार्बन हळूहळू झिजतो. त्याची भुकटी तिथेच साठते. मग बोट लावलेलं नसतानाही कंट्रोलर सांगतो की स्टिक थोडी वर आहे.

वस्तू उघडून दुरुस्ती शिकवणाऱ्या आयफिक्सिट या संकेतस्थळाने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स कंट्रोलर उघडून याचा हिशेब मांडला होता. त्या पोटेन्शिओमीटरचं ठरलेलं आयुष्य २० लाख आवर्तनांचं आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी: वॉरझोन’ खेळताना स्टिक किती फिरते ते मोजून त्यांनी गणित केलं, तर ही मर्यादा सुमारे ४१७ तासांच्या खेळात संपते. म्हणजे रोज दोन तास खेळणाऱ्या पोराचं सात महिन्यांत आटोपलं. यात लपवालपवी कसली? झिजणारा भाग आहे, तो झिजला. झिजलेला कार्बन कुठल्याही बाटलीतून परत येत नाही.

आता सॅनिटायझर. “त्यात अल्कोहोल असतं, इलेक्ट्रॉनिक्सवाले अल्कोहोलनेच साफ करतात,” हा यामागचा तर्क. अर्धं खरं आहे, म्हणूनच घात करतं. दुरुस्तीवाले वापरतात ते ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल, ज्याला दुकानात आयपीए म्हणतात. ते उडून जातं, मागे काही ठेवत नाही. सॅनिटायझर हातासाठी बनवलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रात ७५ टक्के आयसोप्रोपिल, १.४५ टक्के ग्लिसरॉल, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बाकी पाणी असतं. ग्लिसरॉल घालतात ते हात कोरडे पडू नयेत म्हणून. ते उडत नाही, चिकट थर धरून बसतं. बाजारातल्या जेलमध्ये वर घट्टपणा आणणारे पदार्थ आणि सुगंध. हे सगळं स्टिकच्या कडेने आत उतरतं आणि स्टिक दाबल्यावर टकटक करणाऱ्या बारीक बटणापाशी जमतं. भाच्याची स्टिक दबलेली राहते ती यामुळे. शिवाय आत बॅटरी जोडलेलीच, त्यात पाणी!

नेलपेंट रिमूव्हर तर आणखी भारी. त्यात बहुधा अॅसिटोन असतो, आणि कंट्रोलरची खोकी ज्या एबीएससारख्या प्लॅस्टिकची असतात ते अॅसिटोनमध्ये विरघळतं. नखं साफ होतील, कंट्रोलर पांढुरका, चिकट होईल.

एवढं मान्य करतो की नुसती धूळ किंवा भुकटी अडकली असेल, तर खऱ्या आयपीएने किंवा काँटॅक्ट क्लीनरने ड्रिफ्ट काही दिवस थांबतो. पण आतलं वंगणही त्यात धुऊन जातं आणि पट्टा झिजलेला असेल तर दुखणं परत येतं. ‘कायमचा’ हा शब्द कुठून आला ते मेसेजवाल्यालाच ठाऊक.

फ्रीजरबद्दल फार लिहीत नाही. थंड कंट्रोलर बाहेर काढला की आत दव धरतं, आणि लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली असताना चार्जला लावली तर तिच्या आत धातूचं लिथियम साचून ती कायमची बिघडते. फ्रीजरमध्ये मटार ठेवा.

रीसेटचं छिद्र खरं आहे, मागच्या बाजूला असतं, पिनेने पाचेक सेकंद दाबायचं. पण त्याने फक्त जोडणीची नोंद पुसली जाते. कंट्रोलर कन्सोलला सापडत नसेल तर करा आणि नंतर केबलने जोडा. इथे एक गंमत: बऱ्याच स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. दिवा लागतो, जोडणी होत नाही, आणि लोक कंट्रोलरला शिव्या देतात. आधी केबल बदलून बघा.

डेडझोन वाढवणं हा बिघाड झाकण्याचा मार्ग आहे. चालतो, मीही सुचवतो, पण नेम धरताना स्टिकची बारीक हालचाल मेली हे लक्षात ठेवा. चार्जरचं म्हणाल तर ड्युअलशॉक ४ पाच व्होल्टवर चार्ज होतो आणि लागतो तेवढाच करंट ओढतो. भिकार चार्जर बॅटरीला त्रास देऊ शकतो, हे खरं. पण स्टिकमधल्या कार्बनशी त्याचा काय संबंध?

मग करायचं काय? कंट्रोलर संगणकाला जोडा, ब्राउझरमध्ये गेमपॅड तपासणारं पान उघडा, स्टिक सोडा आणि आकडे बघा. उणे एक ते एक अशी मोजपट्टी असते. शून्याच्या आसपास ०.०२ वगैरे असेल तर काही बिघडलेलं नाही. ०.१५ ला स्थिर बसला असेल तर मधला बिंदू सरकलाय, कधी कधी कॅलिब्रेशनने (मधला बिंदू नव्याने ठरवून) जमतं. आकडा थरथरत किंवा उड्या मारत असेल तर पट्टा खराब. भाच्याचा उड्या मारत होता.

अशा वेळी मॉड्यूलच बदलावं लागतं. ड्युअलशॉक ४ मध्ये ते १४ ठिकाणी सोल्डर केलेलं असतं: दोन पोटेन्शिओमीटरचे सहा पाय, बटणाचे चार, पत्र्याचे चार. पहिल्यांदाच सोल्डरिंग आयर्न हातात घेणाराने इथे शिकू नये. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सोल्डरिंगवाला हुडका आणि हॉल इफेक्टचं मॉड्यूल मागा. त्यात चुंबक आणि सेन्सर असतो, घासणारं काही नसतं. ही कल्पनाही नवी नाही, सेगाच्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये १९९८ मध्येच ती होती. बदलल्यावर कॅलिब्रेशन करून घ्या, नाहीतर नवीन स्टिकही तिरकी चालेल. आणि दुकानदाराला आधीच सांगा की आत सॅनिटायझर गेलाय, म्हणजे तो बोर्ड धुऊन मगच आयर्न लावेल.