‘आधी पाणी द्या, मग टेस्ट ट्यूब’ : जालन्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

मूल न होणाऱ्या जोडप्यांना सरकारी खर्चाने उपचार मिळावेत, या माझ्या लेखावर आपण जालन्याहून लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. इतरांना वर जाऊन शोधायला नको म्हणून तिचं सार इथे देतो. आपलं म्हणणं असं : मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर लागतात आणि तुम्ही करदात्यांच्या पैशांतून टेस्ट ट्यूब बेबी मागता, एवढ्या लोकसंख्येच्या देशात आणखी लेकरं कशाला, ज्यांना हवं त्यांनी दत्तक घ्यावं, महात्मा फुले आरोग्य योजनेचं नाव घेऊन तुम्ही गरिबांना खोटी आशा लावता, आणि शेवटी, खासगी सेंटरवाले तुम्हाला किती देतात?

आधी माझी चूक. ‘योजनेचं कार्ड सोबत ठेवा’ असं मी लिहिलं होतं. मला म्हणायचं होतं की कागदपत्रांच्या पिशवीत तेही असू द्या. वाचणाऱ्याला मात्र कार्ड दाखवलं की आयव्हीएफ (म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार) होतं असंच वाटणार, हे आपलं खरं आहे. आयुष्मान भारतच्या नियमांत वंध्यत्वाशी संबंधित उपचार स्पष्टपणे वगळलेले आहेत आणि आपल्या राज्यात ती योजना महात्मा फुले योजनेला जोडूनच चालते. तेव्हा त्या आशेवर कुणी गाडीभाडं घालवू नये. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

आता राहिलेलं. माझी बत्तीस वर्षं सरकारी लॅबमध्ये गेली. कोणत्या दवाखान्यात ते मुद्दाम लिहीत नाही. रक्त, थुंकी, लघवी आणि वीर्य. शेवटच्या तपासणीबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. सांगायचं ते तिथूनच सुरू होतं.

ऊसतोडीला जाणारं एक जोडपं आमच्याकडे आलं होतं. ओळख पटेल असं काही सांगत नाही. लग्नाला सात वर्षं झालेली. बाईच्या हातात कागदांचा गठ्ठा : चार सोनोग्राफ्या, गर्भनळ्यांचा एक्स-रे, दोनदा ‘पिशवी धुतलेली’, एकदा दुर्बिणीतून तपासणी. सगळं खासगीत आणि बहुतेक मुकादमाच्या उचलीतून. गठ्ठ्यात नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नव्हता. सासू म्हणाली, “पोरात काय खोट असणार? धडधाकट हाय.” नमुना घेतला. शुक्राणू शून्य. नियमाप्रमाणे काही आठवड्यांनी पुन्हा तपासला, तेव्हाही शून्य. ही तपासणी पहिल्याच महिन्यात झाली असती, तर सात वर्षांतला किती पैसा, किती भूल आणि किती टोमणे वाचले असते? घरात तोवर दुसऱ्या बायकोची बोलणी सुरू झाली होती.

माझी मागणी मुळात इथून आहे, सर. सरकारी पैसा म्हटलं की आपल्याला थेट दीड-दोन लाखांचं आयव्हीएफ दिसतं. त्याच्या कितीतरी आधी कारण शोधायचं असतं. मूल न होण्यात पुरुषाच्या बाजूचं कारण जवळपास निम्म्या जोडप्यांत असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. ती तपासणी सगळ्यात स्वस्त. तिला ना सुई लागते, ना भूल. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि नमुना तासाच्या आत लॅबमध्ये पोचवायचा, एवढंच. पण आमच्याकडे नमुना द्यायला खोली नव्हती. वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या संडासात जा म्हणायचो, बाहेर रांग उभी. काही जण घरून आणायचे, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, एसटीने दोन तास प्रवास करून. त्या नमुन्यात काय बघायचं, कपाळ? मी खोलीसाठी अर्ज केले, ‘पाहू’ असं उत्तर मिळालं, आणि मी निवृत्त झालो. एक कडी लागणारी खोली आणि एक बेसिन. करदात्याला हे परवडत नाही का?

बाईच्या बाजूचंही तसंच. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांची तपासणी, सोनोग्राफी, पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर काही दिवसांतच करायचा नळ्यांचा एक्स-रे. आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे पोटातला क्षयरोग असू शकतो. त्याची औषधं सरकार फुकट देतं, पण तो क्षय आहे हे कुणी ओळखलंच नाही तर त्या गोळ्यांचा उपयोग काय? अंगावरून पांढरं जाण्याचा त्रास बायका अंगावर काढतात. फडात, म्हणजे ऊसतोडीच्या जागी, कोपीत (झोपडीत) राहायचं, खाडा पडला तर पैसे कापले जाणार, मग दवाखान्यात कोण जाणार? जंतुसंसर्ग तसाच राहिला की नळ्यांपर्यंत पोचतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दुखणं वेळेवर बघायला यंत्रणा नाही आणि पिशवी काढायला मात्र टेबल तयार. ‘आधी पाणी द्या’ हे आपलं म्हणणं मला मान्य आहे. पण टँकरची वाट बघणारी बाई आणि लेकरासाठी दवाखाने हिंडणारी बाई या दोन नाहीत हो, एकच आहे.

लोकसंख्येचा मुद्दा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.७ निघाला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाच २.१ लागतो. शेजारच्या घरी चार लेकरं आहेत, त्याचा हिशेब या बाईकडून का वसूल करायचा? १९५२ पासून आपल्याकडे कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम आहे. नसबंदी फुकट होते, वर हातावर पैसे ठेवले जातात. मूल नको म्हणून आलेल्याला सरकार खुर्ची देतं. मूल हवं म्हणून आलेल्याला आपण लोकसंख्येवर भाषण ऐकवतो.

आणि सरकार आयव्हीएफला पैसे देतच नाही, हे तर मुळातच खरं नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०११ च्या आदेशानुसार एका आवर्तनाला (उपचाराच्या एका फेरीला) ६५,००० रुपयांपर्यंत, अशा तीन आवर्तनांची भरपाई मंजूर झालेली आहे. जवानांसाठी पुण्याच्या लष्करी कमांड हॉस्पिटलमध्ये केंद्र आहे. दोन्ही योग्यच. करदात्यांचा पैसा तिथेही खर्च होतो, त्यावर आपण कधी प्रतिक्रिया लिहिली नसेल. मी फक्त विचारतो, की ऊस तोडणाऱ्या ‘कोयत्या’ला तो दरवाजा का बंद? (फडात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. हिशेबाला दोघं एक, तपासणीला एकटी बाई.)

हे काही श्रीमंतांसाठी निघालेलं शास्त्र नाही. शास्त्रीय नोंदींसह मान्य झालेलं देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात जन्मलं, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साधलं होतं, त्यांची कदर त्यांच्या मरणानंतर झाली. तो विषय वेगळा आणि दुःखाचा. सुरुवात सार्वजनिक दवाखान्यात झाली आणि आता लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर खासगी सेंटरचे फलक लागलेत. गोव्याने आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजात मोफत सोय केली. मुंबईच्या कामा रुग्णालयातही केंद्र झालं आहे. पण परभणीच्या माणसाला देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर जायचं, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस इंजेक्शनं आणि सोनोग्राफीसाठी मुंबईत थांबायचं, हे कसं जमावं? तेही दसरा-दिवाळीपासून पुढचे पाच-सहा महिने तो फडात असताना. घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर, नांदेड, यांपैकी निदान एका सरकारी कॉलेजात पूर्ण केंद्र हवं आणि बाकीच्यांत आययूआयपर्यंतची (वीर्य थेट गर्भपिशवीत सोडण्यापर्यंतची) सोय. आणि तारखा उसाच्या हंगामाच्या बाहेरच्या द्याव्यात, एवढी अक्कल त्यात असावी.

यश नक्की मिळतं असं मी म्हटलेलं नाही. तरुण बाईतसुद्धा एका आवर्तनात मूल होण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात एक, पस्तिशीनंतर झपाट्याने उतरते. म्हणून तर लवकर कारण शोधा म्हणतो.

दत्तक. जरूर घ्यावं. माझ्या नात्यातच एक लेक दत्तक आहे आणि घरात तिचाच दरारा आहे. पण तिथेही सरकारी पोर्टलवर नोंदणी, घरभेट, वयाची अट (दोन वर्षांपर्यंतच्या लेकरासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत) आणि मोठी प्रतीक्षा आहे. शिवाय ‘दत्तक घ्या’ हे आपण मूल होणाऱ्यांना कधी सांगत नाही, याचा एकदा विचार करा.

कमिशनचं म्हणाल तर मला पेन्शन मिळते, आणि तीही कधीकधी उशिरा. उलट खासगी सेंटरवाल्यांना माझं एक सांगणं आवडत नाही, ते पुन्हा सांगतो : जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची आहे, सरकारी असो की खासगी. नोंदणी क्रमांक विचारा. संमतीपत्रावर दोघांनीही वाचून सह्या करा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. आणि ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणाऱ्याच्या पायऱ्या तिथूनच उतरा.

आपल्याला एक काम सांगू का? जालन्यात आता शासकीय मेडिकल कॉलेज झालं आहे. तिथे वीर्य तपासणी कोणत्या वारी होते, आणि नमुना द्यायला वेगळी खोली आहे की नाही, एवढं विचारून इथेच खाली लिहा. अंबड-घनसावंगीकडून मला विचारणारे बरेच आहेत.