"पण त्यांच्या लक्षात तरी राहतं का?"

या प्रश्नाचा मला जाम राग येतो. आमच्या बिल्डिंगमधला नववीतला एक मुलगा, शाळेत फारसं कोणाशी जमत नाही, ग्रुपवर मेसेज टाकला तर सगळे बघतात पण उत्तर कोणी देत नाही असा, तो संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे जाऊन बसतो. आजोबांना अल्झायमर आहे. आणि जो तो त्या पोराला हेच विचारतो.

अहो नाही राहत लक्षात! त्याचं नाव पण नाही राहत. या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस लवकर खराब होतो, म्हणजे नवीन आठवण साठतच नाही धड, जुनं मात्र बराच काळ टिकतं. पण भावनेचं गणित वेगळंय. २०१४ मध्ये आयोवा युनिव्हर्सिटीत अल्झायमरच्या पेशंटना दुःखी आणि आनंदी सिनेमांचे तुकडे दाखवले होते, थोड्या वेळाने काय बघितलं ते सांगता येईना पण मूड तसाच टिकून होता. मग पोरगा येऊन गेला हे पुसलं गेलं तरी बरं वाटलेलं मागे उरतच असणार की. अजून काय पाहिजे?

आणि हे एकतर्फी नाहीये हं. "कितवीत आहेस तू?" हे आजोबा अर्ध्या तासात चार वेळा विचारतात, तुम्ही-आम्ही वैतागू, पण ज्याला दिवसभर कोणी काहीच विचारत नाही त्याला दर वेळी तेवढ्याच कौतुकाने कोणीतरी विचारतंय! तो पण बदमाश, कधी नववी सांगतो कधी पीएचडी, आजोबा दोन्हीला "वा वा" करतात. घरच्यांना हे जमत नाही कारण त्यांच्या डोळ्यासमोर आधीचे बाबा असतात, त्यामुळे सारखं "अहो आत्ताच सांगितलं ना" चालू. या पोराने आधीचे आजोबा बघितलेच नाहीत.

आजोबा पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. त्याने एक बंद पडलेला नेऊन दिला तर मागचे स्क्रू काढून वाटीत ठेवले, एकही खाली पाडला नाही. जेवलो की नाही ते आठवत नाही पण हाताला सगळं येतं.

फक्त याला सेवा, संस्कार असली लेबलं नकोत, स्टेटसला फोटो तर अजिबात नको. दोस्ती आहे ती. आणि दोस्त म्हणजे फुकटचा केअरटेकर नाही, पोरगं बसलंय ना म्हणून गोळ्या-बाथरूम त्याच्यावर टाकून बाहेर जायचं हे चालणार नाही. मध्ये एकदा स्क्रू ड्रायव्हर सापडेना तर आजोबा "तूच चोरलास" म्हणून ओरडले. असा संशय या आजारात नेहमीचाच, पण त्या पोराला कुठून माहीत असणार, तडक घरी आला आणि कोणाशी बोलेना. शेवटी आजोबांची सून वर येऊन त्याच्याशी नीट बोलली. मी म्हणते हे आधीच सांगून ठेवायचं ना, ते काम मोठ्यांचं.