तीनशे कोटींची पट्टी

जळगावच्या केळीच्या भागात, रावेर-सावद्याकडच्या ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. 'हेवीवेट बॉक्सर एका रात्रीत 300 कोटी घरी नेतो. वजन जितकं जास्त तितका पैसा जास्त. एक लढत मारली की सात पिढ्या बसून खातात. आपले पैलवान मात्र जत्रेत नारळ-फेट्यासाठी लोळतात.' भाच्याने मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'मामा, पाहा.' पाहिलं.

आकडा अगदीच हवेतला नाही. टायसन फ्युरी आणि डिलियन व्हाइट या हेवीवेट बॉक्सरांची लढत भरवण्याच्या हक्काचा जानेवारी 2022 मध्ये चक्क लिलाव झाला. बोली लागली 4 कोटी 10 लाख डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या दराने 300 कोटींच्या वर. पण ही रक्कम दोघांची मिळून! 10 टक्के जिंकणाऱ्यासाठी बाजूला, उरलेल्यात फ्युरीचे 80 टक्के, व्हाइटचे 20. एप्रिलमध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर फ्युरी जिंकला, तेव्हा त्याच्या वाट्याला आले सुमारे 3 कोटी 36 लाख डॉलर. अडीचशे कोटी म्हणा.

आता 'घरी नेतो'चं बघू. केळीवाल्याला हे शिकवायला नको. बोर्डावरचा भाव एक, आणि घट, तोलाई, हमाली वजा होऊन पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठीवर, उरतं ते वेगळंच. बॉक्सरचीही अशीच पट्टी होते. ट्रेनरला साधारण दहावा हिस्सा. मॅनेजरला अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात एक तृतीयांशापर्यंत घेता येतो. सरावासाठी ठेवलेल्या मुष्टियोद्ध्यांचे पगार, दोन-तीन महिन्यांच्या कॅम्पचा खर्च. ब्रिटनमध्ये तर मोठ्या उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर 45 टक्के आयकर. शिवाय अशी लढत वर्षातून एक, फार तर दोन. त्याच रात्री आधीच्या लढतींत उतरणाऱ्या पोरांना मिळतं ते यापुढे चिल्लर; त्यांचा मेसेज कोण फिरवणार?

वजनाची गोष्ट तर साफ चूक. 2015 साली लास वेगासला मेवेदर आणि पॅकियाव भिडले, ती वेल्टरवेट लढत होती. वजनाची मर्यादा 147 पौंड, जेमतेम 67 किलो. मेवेदरने त्यात 20 कोटी डॉलरहून जास्त कमावले. तेवढ्या वजनाचे हमाल सावद्यात रोज ट्रक भरतात.

सात पिढ्या? माइक टायसनने कारकिर्दीत 30 कोटी डॉलरच्या वर मिळवले. 1997 मध्ये लढतीत प्रतिस्पर्धी होलीफिल्डचा कान चावला, तर 3 कोटी डॉलरच्या मानधनातून 30 लाख डॉलर दंडातच गेले. बंगले, गाड्या, पाळलेले वाघ... 2003 मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. पिढी अजून पहिलीच होती.

पैलवानांचं मात्र खरं आहे. तिथे मी काही बोलणार नाही.

हे सगळं भाच्याला सांगितलं, कारण मेसेज वाचल्यापासून वजन वाढवायला तो रोज डझनभर केळी खातोय. 'तुझं वजन किती?' 'सहासष्ट.' म्हटलं, मग मेवेदरच्या गटात तू आताच बसतोस, थांबव आता. तो सोलता सोलता म्हणाला, 'राहू द्या मामा, नाहीतरी भाव कुठे आहे?'