‘इंजिन पुन्हा तापलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. ‘इम्पेलर बदलला, पैसे घेतले आणि आठवड्यात उजनीच्या बॅकवॉटरला इंजिन पुन्हा तापलं; विचारलं तर जलपर्णीकडे बोट दाखवलं,’ असं तुम्ही लिहिलंय. बोटीत घरची मंडळी होती हे वाचून फार वाईट वाटलं. चूक आमची आहे. नेमकी कुठे झाली ते सांगतो.

गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा लागतो. बोटीच्या पोटातल्या इंजिनाला वारा कुठला? तिथे ते काम बाहेरचं पाणी करतं. बुडाच्या कॉकमधून आणि गाळणीतून आलेलं पाणी रबरी पात्यांचा इम्पेलर खेचतो आणि हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून ढकलतो. इंजिनातला कूलंट त्या नळ्यांभोवती फिरून गार होतो. तापलेलं पाणी धुरात मिसळून एक्झॉस्टमधून बाहेर पडतं.

गाळणीत जलपर्णीची मुळं होती, हे खरं. पण पाणी तुटलं की इम्पेलर कोरडा फिरतो. रबराला वंगण त्या पाण्याचंच, त्यामुळे थोड्याच वेळात पाती तुटतात. तुमच्या जुन्या इम्पेलरची सहापैकी तीन पाती गायब होती. ती गेली कुठे, हे तेव्हाच शोधायला हवं होतं. मांडव्याहून बोट आली की मिठाच्या धास्तीने आम्ही एक्स्चेंजर उघडतोच. तुमची गोड्या पाण्यातली, म्हणून उघडला नाही. आयडलिंगला मागून पाणी पडताना दिसलं आणि बोट सोडली. थ्रॉटल वाढवल्यावर तेवढं पाणी पुरत नाही. परवा झाकण काढलं तर नखाएवढे काळे तुकडे नळ्यांच्या तोंडाशी घट्ट बसलेले.

दुसऱ्या वेळची मजुरी आजच परत पाठवतोय.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कुणी दिलाय. कृपा करून काढू नका. इंजिन कामाच्या तापमानाला येईपर्यंत तो कूलंट अडवून धरतो. तो नसेल तर इंजिन थंडच चालतं, डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते. आणि तुंबलेल्या नळ्या तुंबलेल्याच राहतात.

तुकडे पिशवीत जपून ठेवलेत, तुम्हाला दाखवायला. बोट पाण्यात उतरवाल तेव्हा मी स्वतः भिगवणला येतो. अर्धा तास लोडवर चालवू, तापमानाचा काटा तुम्हीच बघा.