मिग ओझरलाच राहू दे, पण जमिनीवर

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला हवाई दलानं मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला. त्या दिवशी नाशिकजवळच्या ओझर टाउनशिपमधल्या आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. आमच्यातल्या निम्म्यांचे वडील एचएएलमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी विमान कारखान्यात होते. १९६४ला कारखाना उभा राहिला तो मिगसाठीच, आणि आमची घरंही त्यावरच उभी राहिली. तेव्हा निघालेला विषय अजून चालूच आहे: एक तरी मिग उडतं ठेवायचं आणि वर्षातून एकदा नाशिकवरून फिरवायचं. एका मित्रानं मलाच गाठलं, "तुमच्याकडे तर लोक स्वतःच्या पैशानं मिग घेऊन उडवतात. आपण बनवलेलं विमान आपण का नाही उडवायचं?"

उडवतात, हे खरं आहे. इथे अमेरिकेत मिग-१५पासून मिग-२१पर्यंतची विमानं खासगी मालकीची आहेत. पण मी सॅक्रामेंटोत राहते, आणि इथल्या फ्रीपोर्ट बुलेवार्डवर गुलाबांची एक छोटी बाग आहे. तिथे कारंजं आहे आणि धातूच्या पाटीवर नावं आहेत. एकाच आडनावाची किती नावं आहेत ते मोजत मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले, तेव्हा मला नऊवर थांबावं लागलं. एकाच कुटुंबातली नऊ माणसं.

२४ सप्टेंबर १९७२, रविवार. रस्त्यापलीकडच्या विमानतळावर एअर शो होता. तो आटोपल्यावर सेबर नावाचं एक जुनं लढाऊ जेट परत जायला निघालं. वैमानिकानं नाक वेळेआधी आणि गरजेपेक्षा जास्त उचललं. असं झालं की पंख हवा कापण्याऐवजी अडवतात, वेग वाढत नाही, आणि धावपट्टी मात्र संपत येते. विमान रस्ता ओलांडून थेट आइस्क्रीमच्या दुकानात घुसलं. आत मुलांची अमेरिकन फुटबॉलची टीम होती. २२ जण गेले, त्यात १२ मुलं. वैमानिक वाचला. त्याला विमान चालवता येत होतं, परवाना होता, पण सेबरवर त्याचे चार तासही झालेले नव्हते. चौकशीत कारण निघालं तेच: या विमानाचा अनुभव नाही.

ग्रुपवर मला हेच पटवून द्यायचं आहे. अननुभवी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोवळा, उतावळा पोरगा येतो. ऑगस्ट २०१५मध्ये इंग्लंडात शोरहॅमच्या एअर शोत हॉकर हंटर हे जुनं लढाऊ जेट महामार्गावर कोसळलं आणि ११ जणांचा जीव गेला. तो वैमानिक हवाई दलात हॅरियर लढाऊ विमान उडवलेला, हजारो तास आकाशात काढलेला माणूस होता. हंटरवरचे त्याचे तास मात्र चाळीसच्या आसपास. हवेत घेतलेल्या कोलांटीच्या माथ्यावर किमान ३,५०० फूट उंची हवी होती, ती सुमारे २,७०० फूट होती. त्याच्या मनात त्या क्षणी दुसऱ्याच एखाद्या विमानाचे आकडे आले असावेत, ही शक्यताही तपास अहवालात मांडली आहे. एका विमानावर बसलेला हात दुसऱ्यावर असा घात करतो. त्यानंतर लगेचच ब्रिटननं जुन्या जेट विमानांच्या जमिनीवरून उडतानाच्या अवघड कसरतींवर बंदी घातली.

आणि आपल्याला हे बाहेरून शिकायची गरज तरी काय? आपली पोरं साध्या, आवाजापेक्षा कमी वेगाच्या प्रशिक्षण विमानावरून उतरून थेट मिग-२१मध्ये बसत होती. मधली पायरी हवी असं १९८२मध्येच समितीनं सांगितलं होतं. त्या पायरीसाठीची हॉक प्रशिक्षण विमानं आली २००८ला. २०१२मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले: मिग जातीची ४८२ विमानं अपघातांत गेली, १७१ वैमानिक गेले आणि ३९ सामान्य नागरिक. त्या ३९ जणांसाठी कुठे गुलाबाची बाग आहे का, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

बाबा ओव्हरहॉलला, म्हणजे विमान पूर्ण उघडून पुन्हा जोडायच्या विभागात होते. घरी आले की कपड्यांना विमानाच्या इंधनाचा वास यायचा. एका रात्री ते फार उशिरा आले. एक पाना सापडत नव्हता; तो विमानातच राहून गेला असेल तर? तो मिळेपर्यंत कुणी घरी गेलं नाही आणि विमान शेडबाहेर निघालं नाही. कुठल्याशा कोपऱ्यात तो सापडला, तेव्हा कुठे सुटले. मिग उडायचं ते अशा शेकडो माणसांच्या जिवावर. सीट बघणारे वेगळे, इंजिनाचे वेगळे, आणि रोज त्याच विमानात बसणारा वैमानिक. आता स्क्वाड्रन बंद झाल्या. वर्षातून एकदा उडवायचं म्हटलं, तर ज्यानं मिगवर उभी हयात घालवली तोही दोन-तीन वर्षांत त्या विमानाला नवखाच होईल. उतरताना ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग ठेवणारं विमान आठवणीवर उतरवता येत नाही.

शिवाय ओझर आता आमच्या लहानपणीचं राहिलेलं नाही. तेव्हा दहाव्या मैलावर उतरलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा असायच्या. आता आडगावच्या पुढेही घरं, शाळा, हॉटेलं लागतात. सॅक्रामेंटोच्या धावपट्टीपुढेही असंच दुकान होतं.

मित्राला मी लिहिलं, पैसे जमवत असाल तर माझे पहिले घ्या. मिग ओझरला ठेवू, सावलीत, चांगलं राखून. तज्ज्ञांना जमत असेल तर साखळदंडांनी बांधून वर्षातून एकदा त्याचं इंजिन चालू करू. ज्यांनी ते उघडलं-जोडलं, त्या निवृत्त फिटरना समोर खुर्च्या टाकून बसवू. बाबांना आता कमी ऐकू येतं, पण तो आवाज त्यांना नक्की ऐकू येईल.