परदेशातून फोनचं बिल घसघशीत यावं म्हणून

लेकाकडं लंडनला निघालाय ना? कंदी पेढ्यांचे डबे, मेतकूट, घरचं लाल तिखट, कुरडया, सगळं काट्यावर ठेवून झालं. बॅग अर्धा किलो जास्त भरली म्हणून पेढ्यांचा एक डबा शेजारी देऊनही टाकलात. छान. आता फोनकडं अजिबात बघू नका. अख्ख्या सामानात बिनवजनाचा खर्च तेवढाच आहे. तो मनासारखा वाढवायचा, तर तयारी घरूनच करावी लागते.

पॅक घ्यायची घाई नको. रोमिंगचा, म्हणजे इकडचंच सिम तिकडं वापरायचा पॅक, ही विमानतळाच्या वाटेवर खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना आठवायची गोष्ट आहे. तिथं रेंज जाते, पेमेंट अडकतं, ओटीपी बोगद्याबाहेर आल्यावर येतो आणि तोवर त्याची मुदत संपलेली असते. पोस्टपेड असेल तर आणखी बरं, कारण कधी कधी आधी रोमिंग सुरू करून घ्यावं लागतं आणि मग पॅक. घेतलाच तर ठळक अक्षरातला जीबीचा आकडा तेवढा वाचा. खाली बारीक अक्षरात कोणते देश, तिथल्या कोणत्या नेटवर्कवर, भारतात फोन लावायची मिनिटं किती, येणारे फोन त्यातच धरलेत की वेगळे, असलं काहीबाही लिहिलेलं असतं. ते वाचणारे लोक बसचं तिकीटही वाचतात.

विमान दोह्याहून जाणारं असेल तर सोन्याहून पिवळं. पॅक इंग्लंडचा. दोह्याला तीन तास बसायचं. फोन सुरू करायचा आणि घरी लावायचा, “पोचलो गं दोह्यापर्यंत!” पॅकच्या यादीत कतार आहे का, हे साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या दुकानदारानं सांगायचं होतं. तुम्ही कशाला विचाराल?

पॅकचा ‘एक दिवस’ म्हणजे काय, हाही असाच न विचारायचा प्रश्न. काही पॅक पहिल्या वापरापासून चोवीस तास मोजतात, काही भारतातल्या तारखेप्रमाणे. आपल्याकडं रात्रीचे बारा वाजतात तेव्हा लंडनला उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेसहा. न्यू जर्सीत तर उन्हाळ्यात दुपारचे अडीच. म्हणजे तिकडं जेवण करून जरा आडवं व्हावं, तेवढ्यात इकडं पॅकची तारीख बदललेली असते. पॅक संपला की फोन मुका होईलच असं नाही. बऱ्याचदा तो नुसता साध्या दरावर जातो आणि पूर्वीइतकाच गोड वाजत राहतो.

आता मुख्य मंत्र. “येणाऱ्या फोनला कसले पैसे?” घरातून निघताना हे वाक्य तीनदा म्हणा. सांगली-मिरजेच्या जुन्या लोकांना आठवत असेल, मिरज सोडून कर्नाटकातलं कागवाड आलं की फोन वाजायचा आणि माणूस ओरडायचा, “रोमिंगला आहे, ठेव!” देशातलं ते प्रकरण मिटलं आणि त्याबरोबर ती भीतीही गेली. परदेशात ती अजून जिवंत आहे, पण तुम्ही तिला ओळख दाखवू नका.

होतं असं. सासूबाई साताऱ्यात बसून तुमचा दहा आकडी नंबर फिरवतात. त्यांच्या कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही साताऱ्यातच आहात, त्यांचा अनलिमिटेडचा रिचार्ज आहे, त्यांना एक पैसा जादा पडत नाही. फोन तुमच्या कंपनीकडं येतो. ती बघते तर गिऱ्हाईक लंडनला. मग ती तो तिकडं पाठवते, आणि भारत ते लंडन हा पुढचा टप्पा तुमच्या खात्यावर चढतो. लावला त्यांनी, भरायचं उचलणाऱ्यानं. हे सासूबाईंना समजावून सांगायला फोनवर निदान दहा मिनिटं लागतात, आणि तीही तुमचीच.

हिशोब समजायला सोपा दर धरू, मिनिटाला ७५ रुपये. मिनिटाची पल्स असेल, म्हणजे अर्धवट मिनिटही पूर्ण धरत असतील, तर एक मिनिट चार सेकंद म्हणजे दोन मिनिटं, त्यामुळं “ठेवते गं” म्हटल्यावर पुढं जे चार निरोप निघतात त्यांना वेगळी किंमत आहे. चाळीस मिनिटं बोललात, ३,००० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५४०. एकूण ३,५४०. यात विषय झाले ते असे: तिकडं थंडी आहे का, इकडं पाऊस आहे, भाजी काय केली, आणि तिकडं कोथिंबीर मिळते का. मिळते.

घरच्यांपुरतं थांबायचंही कारण नाही. सकाळी अकराला साताऱ्यात सिलिंडरवाला तुमच्या दारात उभा असतो. लंडनला तेव्हा उन्हाळ्यात साडेसहा वाजलेले. झोपेत फोन उचला. “सिलिंडर आणलाय, घरी कोण नाही का?” मग तुम्ही त्याला शेजारच्या काकूंचं घर समजावून सांगा, डावीकडचं, निळ्या गेटाचं. मागोमाग कर्ज देणाऱ्या बाईचा फोन येईल. तिला नुसतं ‘नको’ म्हणू नका, व्याजदर विचारा.

झोप मोडायची नसेल तरी सोय आहे. निघण्याआधी फोनवर ‘उचलला नाही तर अमुक नंबरवर वळवा’ असं फॉरवर्डिंग लावून ठेवा, म्हणजे कोणाचा निरोप चुकायला नको. फोन आधी लंडनला जातो, उशाशी वाजतो, तुम्ही उचलत नाही, आणि बऱ्याच नेटवर्कांवर तिथून तो पुन्हा भारतात वळतो. जाताना एक टप्पा, येताना दुसरा. दोन्ही तुमचे, आणि बोललं कोण तर साताऱ्यातली दोन माणसं आपापसात. ‘फोन बंद असेल तर वळवा’ असंही लावलेलं असतं आणि फोन बंद असता, तर कंपनीनं इथल्या इथंच वळवला असता, लंडनची फेरी वाचली असती. म्हणून तो चालूच ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी डायलरवर ##००२# दाबलं की असली सगळी वळणं निघून जातात. हे कोणी सांगायला लागलं तर विषय बदला.

नंबरही जसे आहेत तसेच राहू द्या, पुढं +९१ नको. नुसते दहा आकडे तिकडच्या नेटवर्कला तिकडचेच वाटतात. लागला तर कोणीतरी अनोळखी गोरा माणूस ‘हॅलो’ म्हणतो आणि तुमचं एक मिनिट जातं. घरच्या लँडलाइनला ०२१६२ असं शून्यासकट लावा. +९१ लावून शून्य गाळायचा, म्हणजे साताऱ्याला +९१ २१६२ आणि सांगलीला +९१ २३३, हे शाळेत शिकवलेलं नाही.

डेटाचं काम आपोआप होतं, तुम्हाला कष्ट नाहीत. सेटिंगमधलं डेटा रोमिंगचं बटण चालू ठेवलं की झालं. खिशातल्या खिशात फोटो क्लाउडवर चढतात, अ‍ॅप अपडेट होतात. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ उघडलं की रोमिंगमध्ये कोणत्या फाइली आपोआप उतराव्यात, हे ठरवता येतं. तिथल्या सगळ्या खुणा काढण्यापेक्षा सगळ्या करून टाका. पुतणीची हळद कराडला असेल तर भावकीच्या ग्रुपांवर बघता बघता सहा व्हिडिओ येतात. एकेक २० एमबीचा धरला तरी सहांचे झाले १२० एमबी, आणि हळद अजून अर्धीही लागलेली नसते.

लेकाच्या घरी वायफाय आहे, त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरून तासभर बोललात तरी वेगळं काही पडत नाही. म्हणून बोलायची हुक्की बसमध्ये, बागेत, संग्रहालयाच्या पायरीवर यावी. मुलगी दुबईला असेल तर आणखी गंमत. तिथं व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप जातात, त्यावरचे कॉल लागत नाहीत. दोनदा प्रयत्न करायचा आणि वैतागून सरळ फोन फिरवायचा.

काही लोक फार हिशोबी असतात. विमानतळावर स्थानिक सिम किंवा ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरणारं सिम) घेतात, नेट त्यावर लावतात, इकडच्या सिमचा डेटा बंद करून ते नुसतं बँकेच्या ओटीपीसाठी ठेवतात, कारण रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे नाहीत. अनोळखी फोन उचलत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपनं नंबर बदलायचा का विचारलं तर ‘नाही’ म्हणतात आणि जुन्याच नंबरावर चालू राहतात. अशांच्या नादी लागू नका. नवं सिम घातलं की व्हॉट्सअ‍ॅप बंद पडतं, ही समजूत जपून ठेवा.

यूपीआयचं अ‍ॅप मात्र तिकडंच नव्यानं टाका. सिमची खात्री करायला ते तुमच्याच सिमवरून एक एसएमएस गुपचूप पाठवतं, आणि जाणारा एसएमएस रोमिंगच्या दरानं जातो. जमला नाही तर पुन्हा पाठवतं.

विमानात एरोप्लेन मोड न लावणं ही जुनी, खात्रीची वाट. काही विमानांत आणि जहाजांवर उपग्रहावरचं स्वतःचं नेटवर्क असतं, ते जमिनीवरच्या पॅकमध्ये सहसा बसत नाही. सरहद्दीचंही तसंच. सिंगापूरच्या उत्तर टोकाला उभं राहिलं तर फोन समोरच्या जोहोरचं मलेशियातलं नेटवर्क धरू शकतो. नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वर असली की त्याला मोकळीक मिळते. हातानं निवडलं तर पॅकमधल्याच नेटवर्कला चिकटून बसतो बिचारा.

शंका आलीच तर लंडनहून १९८ फिरवा. तक्रारीचा हा नंबर भारतातला, तिकडून तो लागणार नाही. पॅकच्या मेसेजमध्ये परदेशातून लावायचा लांबलचक नंबर असतो, तो तुम्ही पुसलेला असेलच. परत आल्यावर तक्रार केली तर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घेऊ नका. तो हातात असला की कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडं जाता येतं. तुम्ही थेट ट्रायला, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला, पत्र लिहा. ट्राय एकेकट्या गिऱ्हाइकाच्या तक्रारी सोडवत नाही, पण पत्र लिहिल्याचं समाधान मोठं असतं.

आणि पहिलं बिल आलं, त्यात रोमिंगचे जेमतेम दोनशे रुपये दिसले, तर लगेच मोती चौकात जाऊन उरलेल्या पैशांचे पेढे आणा. परदेशातल्या कंपनीकडून कॉलच्या नोंदी उशिरा येतात. सासूबाईंची ती चाळीस मिनिटं पुढच्या महिन्याच्या बिलात आहेत.