एकाच तारखेचे ‘संकेत’ तपासताना

समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारा एक दावा असा: शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस एकाच दिवशी गेले, गॅलिलिओच्या मृत्यूच्या वर्षीच न्यूटन जन्मला, हॉकिंग यांचा जन्म गॅलिलिओच्या मृत्युदिनी व मृत्यू आइनस्टाइन यांच्या जन्मदिनी झाला, अमेरिकेचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष एकाच ४ जुलैला वारले, तेव्हा तारखांमागे काही संकेत असलाच पाहिजे.

पहिली जोडी केवळ कागदावर जुळते. १६१६ साली स्पेनमध्ये ग्रेगोरियन आणि इंग्लंडमध्ये ज्युलियन दिनदर्शिका चालत असे व दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे शेक्सपिअर ज्या २३ एप्रिलला गेला, त्या दिवशी स्पेनमध्ये ३ मे होता. शिवाय सर्व्हांतेस बहुधा २२ एप्रिललाच वारला. २३ ही त्याच्या दफनाची तारीख.

न्यूटनच्या बाबतीत गफलत अधिक सोयीस्कर आहे. गॅलिलिओची ८ जानेवारी १६४२ ही तारीख नव्या (ग्रेगोरियन) दिनदर्शिकेतली, तर न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ ही जुन्या (ज्युलियन). दोन्ही नव्या पद्धतीने मांडल्या, तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ रोजी येतो. दोन्ही जुन्या पद्धतीने मांडल्या, तर गॅलिलिओचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१ रोजी जातो. वर्ष कुठेच जुळत नाही.

हॉकिंग यांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत: ८ जानेवारी १९४२ आणि १४ मार्च २०१८. पण कोणाचाही जन्म कोणाच्याही मृत्यूशी जोडण्याची मुभा घेतली, आणि शास्त्रज्ञही मागाहून निवडले, तर जुळणी न सापडणेच नवल ठरेल. अवघ्या २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. स्वतः हॉकिंग यांनीच त्या दिवशी सुमारे दोन लाख इतर बाळे जन्मली असावीत, असा अंदाज मिस्किलपणे नोंदवला होता.

उरले ते दोन माजी राष्ट्राध्यक्ष, जॉन ॲडम्स आणि टॉमस जेफरसन. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ४ जुलै १८२६ रोजी, दोघेही गेले, आणि हे खरोखरच विलक्षण आहे. तथापि दोघे अनुक्रमे ९० आणि ८३ वर्षांचे व आजारी होते, आणि त्या सुवर्णमहोत्सवाची त्यांना जाणीव होती. पुढे १८३१ च्या ४ जुलैला आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष मन्रोही वारले, हे संदेशात आवर्जून येते. २८ जून १८३६ रोजी, सहा दिवस आधीच, निवर्तलेल्या माजी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे नाव त्यात नसते.